साहेबाकडे पाठ करून

रक्तदाब मोजायचं यंत्र खोटं बोलत नाही, असं आम्हाला नर्सिंगच्या शाळेत शिकवलं होतं. पुढे नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका मोठ्या सरकारी कचेरीच्या दवाखान्यात मी सिस्टर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. यंत्र खोटं बोलत नाही हे तिथेही खरंच ठरलं. पण ज्याच्या दंडाला पट्टा बांधायचा तो माणूस कुठे बसलाय, कोणासमोर बसलाय, मुळात बसलाय की उभा आहे, हे त्या यंत्राला कोणी सांगत नाही. ते आपणच बघायचं असतं. मला हे शिकवलं मारोतराव नावाच्या एका शिपायाने, आणि आपण कोणाला काही शिकवतोय याचा त्याला पत्ताही नव्हता.

या अंकाच्या संपादिकाबाई म्हणाल्या, नोकरीतल्या गमती लिहा. मी म्हटलं, दवाखान्यात कसल्या आल्या गमती, लोक तिथे कण्हायला येतात. मग घरी येऊन आठवत बसले तर एकटीच हसायला लागले. सूनबाईने येऊन विचारलं, बरं आहे ना.

आमचा दवाखाना म्हणजे इंग्रजांच्या काळच्या जाड भिंतींच्या इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत डॉक्टर आणि मी, दुसरीत औषधं आणि कंपाउंडर. आमच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, बड्या साहेबांची केबिन. साहेबांच्या टेबलावर घंटीचं बटण होतं. ते दाबलं की केबिनबाहेरच्या भिंतीवर घंटी वाजायची आणि तिथे स्टुलावर बसलेला शिपाई आत पळायचा. ती घंटी आम्हालाही खाली स्पष्ट ऐकू यायची. नव्याने आलेला पेशंट दचकायचा. आम्हाला सवय झाली होती.

पेशंटचेही तीन प्रकार होते. साहेब लोक दवाखान्यात येत नसत, आम्हीच यंत्राची पेटी घेऊन वर जायचो. कारकून मंडळी जेवणाच्या सुट्टीनंतर यायची, बहुतेक सगळ्यांना आंबट ढेकरा. आणि शिपाई लोक यायचे ते अगदी पडायला टेकल्यावर. त्याआधी विचारलं तर एकच उत्तर, "काही नाही जी, बरं आहे." तपासायच्या टेबलाजवळ एक हातांची खुर्ची होती आणि एक स्टूल. खुर्ची कोणाची आणि स्टूल कोणाचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचे डॉक्टर सोनटक्के चांगले आडव्या बांध्याचे. नागपूरच्या मे महिन्यातही टाय सोडायचे नाहीत. बोलणं इतकं मोठ्याने की पेशंटचा आजार बाहेरच्या रांगेला आधी कळायचा. मन मात्र लोण्याचं. नवीन काही वाचलं की मला समोर बसवून समजावून सांगायचे. इतर ठिकाणी डॉक्टर लोक सिस्टरला कसं वागवतात ते मला माहीत होतं, म्हणून सांगते, असा माणूस मला वरिष्ठ म्हणून लाभला हे माझं नशीब.

सगळेच तसे नव्हते. आमच्या कचेरीत महाल भागातल्या जुन्या घराण्यातले एक वयस्कर हेडक्लार्क होते. ते आले की म्हणायचे, "डॉक्टर, तुम्हीच बघा." माझा हात त्यांना चालत नसे. का, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि डॉक्टरांनाही. मी बाजूला उभी राहायची. एक दिवस त्यांना जिन्यातच छातीत कळ आली. डॉक्टर जागेवर नव्हते. मी त्यांना झोपवलं, गोळी जिभेखाली ठेवली. गाडी येईपर्यंत त्यांनी माझा हात असा घट्ट धरून ठेवला होता की बोटं बधिर झाली. बरे होऊन आल्यावर ते दवाखान्यात आले, बाही वर केली आणि माझ्यासमोर हात धरला. मी पट्टा बांधला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, हे सांगायला लाज कसली.

आता बड्या साहेबांची गोष्ट. हे मुंबईकडून बदलून आलेले, उंच, गोरे, आवाजात जरब. कचेरी त्यांच्यापुढे चळाचळा कापायची. त्यांना जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घ्यायचा भारी सोस. एकदा मी वर गेले, त्यांनी बाही वर केली, मी स्पिरिटचा बोळा लावला, आणि टेबलावरचा फोन वाजला. मुंबईहून त्यांच्या वरच्या साहेबांचा. साहेब ताडकन खुर्चीतून उठले. एक बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली, दुसरा हात पँटच्या शिवणीला चिकटवलेला, आणि रिकाम्या भिंतीकडे बघत "येस सर, येस सर" चाललेलं. मी सुई हातात धरून उभी. फोन ठेवल्यावर ते खाली बसले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "सिस्टर, जरा बीपी पण बघा." बघितलं तर पारा चांगलाच वर. मागच्या आठवड्यात अगदी ठीक होता. मी खाली येऊन डॉक्टरांना सांगितलं, तर ते एवढ्या मोठ्याने हसले की कंपाउंडर धावत आला. पण मग हसू आवरून म्हणाले, "बाई, ह्याला दिवसातून एक फोन येतो. बाहेर स्टुलावर बसलेल्याला किती घंट्या येत असतील?"

त्या स्टुलावर बसायचा तो मारोतराव.

मौद्याकडच्या एका खेड्यातला हा माणूस. चाळिशीच्या अलीकडचा, सडसडीत, खाकी कपडे नेहमी इस्त्रीचे, बोलणं जवळजवळ नाहीच. तरुणपणी गावाकडे एका ठेकेदाराचा ट्रक चालवायचा. पुढे सरकारी नोकरी लागली ती शिपायाची. वाटलं होतं, आत शिरलं की कधीतरी ड्रायव्हर होऊ. लायसन जपून ठेवलं होतं आणि साहेबांच्या स्टुलावर वर्षं गेली होती.

तो पहिल्यांदा आमच्याकडे आला तो स्वतःहून नाही, दुसऱ्या शिपायांनी धरून आणला. हिवाळी अधिवेशनाचे दिवस होते. त्या दिवसांत नागपूरच्या कचेऱ्यांची काय दशा होते ते नागपूरकरांना सांगायला नको. मुंबईहून सगळं मंत्रालयच इथे उतरतं आणि एकेका शिपायाच्या डोक्यावर चार-चार साहेब बसतात. मारोतराव व्हरांड्यात घेरी येऊन पडला होता. मी त्याला स्टुलावर बसवलं, मनगट हातात घेतलं, नाडी मोजायला लागले, आणि वर घंटी वाजली. त्याच्या जागी दुसरा शिपाई बसवलेला होता, मारोतरावाला उठायचं काहीच कारण नव्हतं. पण माझ्या बोटाखालची नाडी अशी काही उधळली की मला वाटलं माझंच मोजणं चुकलं. आणि तो उभा राहिला होता. डोळे अर्धवट मिटलेले, पाय लटपटणारे, तरी उभा.

मी म्हटलं, "भाऊ, बसा नं. काहून उभे राहून राहिले? तुमची घंटी नाही ते."

तो ओशाळून खाली बसला. "सवय झाली जी बाई. मी नाई उठत, पाय उठते."

मग हळूहळू बोलायला लागला. म्हणाला, "मांगं बायकोले घेऊन बर्डीवर पिक्चर पाह्याले गेल्तो. मधात इंटरवलची घंटी वाजली अन् मी टणकन उभा. अंधारात. मांगचे लोक ओरडून राहिले, बस ना बे, बस ना बे. बायको मले शर्टाले धरून खाली ओढून राहिली. ते म्हणते, घरी सायकलची घंटी वाजली तरी तुमी असेच दचकता, झोपीत बी."

हे सांगताना तो हसत होता. मीही हसले. पण डॉक्टरांनी मोजलेला आकडा हसण्यासारखा नव्हता.

रक्तदाब म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. नळात पाणी जोराने सोडलं की नळ थरथरतो, तसं रक्ताचं. दंडाला पट्टा बांधायचा, रबरी फुग्याने त्यात हवा भरायची, कानाला नळी लावायची आणि हवा सोडत सोडत ठोका ऐकू येतो तेव्हा पारा कुठे आहे ते बघायचं. माणूस शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली हवी, हात टेबलावर सैल पडलेला हवा. आमच्याकडे शिपायांच्या बाबतीत यातलं एकही होत नसे. डॉक्टर खोलीत शिरले रे शिरले की शिपाई उभा. मग डॉक्टरही घाईत, उभ्याउभ्याच पट्टा बांधायचा, शिपाई हात असा ताठ पुढे करायचा की जणू त्यात ट्रे धरलाय. सगळीकडे असंच चालायचं, आम्हीही तसंच करत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात कचेरीच्या जीपचा जुना ड्रायव्हर निवृत्त व्हायला आला आणि ती जागा शिपायांमधून भरायचं ठरलं. मारोतरावाचा नंबर पहिला होता. गाडी चालवायच्या परीक्षेत तो पासही झाला. राहिला होता फक्त आमच्या डॉक्टरांचा शेरा, की हा माणूस तब्येतीने ठीक आहे. वयाची अट होती, ही संधी गेली की दुसरी येणार नव्हती. म्हणजे मग निवृत्तीपर्यंत तेच स्टूल.

आणि त्याचं बीपी काही केल्या खाली येईना.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मीठ बंद केलं. मारोतरावाने ते इतकं मनावर घेतलं की बायकोने वेगळी भाजी करायला सुरुवात केली आणि तो लोणच्याकडे बघतसुद्धा नसे. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. डॉक्टर वैतागले. म्हणाले, "बाई, मला ह्याला पास करायचं आहे हो. पण उद्या घाटात गाडी चालवताना ह्याला भोवळ आली तर? मागे बसलेल्यांचं काय, आणि ह्याचं काय? खोटा शेरा मी लिहिणार नाही." बरोबरच होतं ते. मला त्यांच्याशी भांडताही येईना.

मी एकदा मारोतरावाला एकटा गाठून विचारलं, "भाऊ, ड्रायव्हरच काहून व्हायचं आहे? शिपायांवरचे जमादार होऊन जाल ना दोन-चार वर्षांत."

त्याने आधी दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाला, "बाई, जमादार बी उभाच राह्यते. ह्या साऱ्या हापिसात साहेबासमोर बसणारा एकच माणूस हाये. ड्रायव्हर. साहेब गाडीत आला तरी थो बसूनच राह्यते. अन् बसते तो कसा? साहेबाकडे पाठ करून."

मी ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी टाय सैल केली, ही त्यांची विचार करायची खूण. म्हणाले, "आपण ह्याचं बीपी आजवर कधी बसवून घेतलंच नाही, हो ना? उद्या खुर्चीत बसवू. हातांच्या खुर्चीत. आरामात."

आमची केवढी हौस! मी खुर्चीवर धुतलेलं कापड टाकलं, पंखा लावला. मारोतराव आला. डॉक्टर प्रेमाने ओरडले, "काय गा मारोती, बस नं असा खुर्चीत." बिचारा बसला. पण कसा? अगदी काठावर, दोन्ही पाय जमिनीत रोवून, पाठ अशी ताठ की मागे हातभर जागा मोकळी. मी म्हटलं, "काठावर काहून बसून राहिले भाऊ? टेका नं." तो टेकला आणि पुन्हा पुढे आला. समोर टायवाले डॉक्टर, स्वतःच्या बुडाखाली साहेब लोकांची खुर्ची. कपाळावर घामाचे थेंब फुटले. डॉक्टरांनी मोजलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मोजलं. उभ्याने जेवढं यायचं त्याहून जास्त निघालं.

मारोतरावाने आमचे चेहरे वाचले. "नाई जमत नं, डॉक्टरसाहेब?" एवढंच म्हणाला, आणि वर घंटी वाजली म्हणून पळाला.

त्या दिवशी घरी जाताना मला माझे बाबा आठवले. बाबा कापडगिरणीत कामाला, नागपुरातल्याच इंदोऱ्यात आमचं घर. छप्पन साली आम्ही सगळ्यांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली, मी तेव्हा नर्सिंग शिकत होते. त्यानंतर थोड्या दिवसांनी बाबा घरात पहिल्यांदा एक लाकडी खुर्ची घेऊन आले. रोज कामावरून आले की आंघोळ करायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि त्या खुर्चीत दारासमोर नुसते बसायचे. आई चिडवायची, "बसून बसून झिजवान वाटते." बाबा म्हणायचे, "झिजू दे." एका संध्याकाळी गिरणीतला त्यांचा जॉबर, म्हणजे त्यांच्यावरचा मुकादम, दारात आला. एरवी त्याच्या समोर बाबा उभेच राहायचे. त्या दिवशी त्यांनी ठरवलं असावं, की उठायचं नाही. खुर्चीचे हात दोन्ही मुठींत धरून ते बसून राहिले, बसूनच बोलले. जॉबर गेल्यावर बघते तर सदरा पाठीला चिकटलेला. मला म्हणाले, "पाणी आण वं पोरी." माणसाला नुसतं बसून राहायला एवढी ताकद लागते, हे मी स्वतःच्या घरात पाहिलं होतं. मारोतरावाला आम्ही ते एका सकाळी, एका खुर्चीने, पंखा लावून शिकवायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना बाबांची ही गोष्ट सांगितली. खिडकीबाहेर कडुनिंबाखाली जीप उभी होती, निवृत्त होणारा ड्रायव्हर तिची काच पुसत होता. डॉक्टर तिकडे बघत म्हणाले, "बाई, त्याची खुर्ची तर तिथे आहे. आपण आपल्या खुर्चीत कशाला बसवतोय त्याला?" आणि यंत्राची पेटी स्वतःच्या काखेत मारून निघालेसुद्धा.

सकाळची वेळ, कचेरी नुकतीच भरत होती. मारोतरावाच्या जागी दुसरा शिपाई बसवून त्याला खाली बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "चल, बस गाडीत. चालवायची नाही, नुसता बस." मारोतराव ड्रायव्हरच्या जागेवर चढला. मी त्याच्या शेजारी बसले, पेटी मधे ठेवली. डॉक्टर समोर उभे राहणार, तेवढ्यात मी त्यांना खुणेने मागे जायला सांगितलं. ते हसले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. जीप एका बाजूला कलली.

मारोतरावाने आरसा नीट केला. हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मागे टेकला. कोणी सांगितलं नाही, आपोआप टेकला. मी त्याचा डावा हात हळूच सोडवून घेतला, पट्टा बांधला. म्हटलं, "भाऊ, मौद्याले जायचं असलं तं कसं जायचं?"

"भंडारा रोडनं," तो म्हणाला. "कन्हानच्या पुलावर जरा हळू घ्या लागते. मंग सरळ हाये. सकाळी निंगालं का ऊन डोळ्यावर येते, थेवढं सांभाळाचं." तो रस्ता सांगत होता आणि त्याच्या हाताचं वजन माझ्या हातात उतरत होतं. आजवर तो हात मला कधी असा जड लागला नव्हता. मी हवा भरली, सोडायला लागले. मागून डॉक्टर वाकून पारा बघत होते.

आणि नेमकी त्याच क्षणी वर घंटी वाजली.

डॉक्टर आणि मी, दोघंही थिजलो. माझी बोटं त्याच्या मनगटावर होती. नाडीने एक उडी मारली. त्याचा उजवा हात दाराकडे गेला. पुन्हा घंटी वाजली, लांबलचक. मारोतरावाने दारावरचा हात उचलला आणि परत स्टिअरिंगवर ठेवला. नाडी हळूहळू जागेवर आली. आरशात बघत तो मागे बसलेल्या डॉक्टरांना म्हणाला, "दुसरा हाये जी तिथं. वाजू द्या."

मी मागे वळले तेव्हा डॉक्टर पाऱ्याकडे बघत होते. म्हणाले, "पुन्हा घ्या बाई." पुन्हा घेतलं. आकडा अगदी आदर्श नव्हता, पण चालण्यासारखा होता. खरा होता.

डॉक्टर सरळ माणूस, एका दिवसावर भागवणारे नव्हेत. पुढे रोज सकाळी कडुनिंबाखाली जीपमध्ये आमचा दवाखाना भरायचा. एकदा इंजिन चालू करून, एकदा कचेरीला वळसा घालून आल्यावर लगेच. सगळी कचेरी व्हरांड्यातून बघायची. कारकून विचारायचे, "सिस्टर, आता इंजेक्शन पण टपावर बसून देणार का?" कंपाउंडरने जीपला फिरता दवाखाना असं नाव पाडलं. मारोतरावाच्या गोळ्या चालूच ठेवल्या होत्या. आकडे मात्र एकदाही पुन्हा त्या खुर्चीतल्यासारखे गेले नाहीत.

बड्या साहेबांनी हा तमाशा खिडकीतून पाहिला आणि आम्हा दोघांना वर बोलावलं. "डॉक्टर, हा काय प्रकार आहे?" डॉक्टरांनी टाय घट्ट केली. म्हणाले, "साहेब, ड्रायव्हर तपासायचा तर गाडीतच तपासायला हवा. स्टुलावर बसून तो गाडी थोडीच चालवणार आहे?" मग त्यांनी घंटीची, खुर्चीची, पायांची सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं, आता आमची धडगत नाही. साहेब टेबलावरच्या बटणाकडे बघत बसले. नंतर म्हणाले, "द्या शेरा." आम्ही दारापर्यंत गेलो तर त्यांनी मला हाक मारली, आवाज नेहमीपेक्षा खाली. "सिस्टर, माझंही बीपी पुढच्या वेळी दुसऱ्या खोलीत घ्याल का? जिथे फोन नसेल तिथे." मी हो म्हटलं. त्यांच्याबद्दलची माझी भीती त्या दिवशी संपली. त्यांच्याही डोक्यावर कोणाची तरी घंटी टांगलेली होती, फरक इतकाच की त्यांना खोली बदलून मागता येत होती.

मारोतराव ड्रायव्हर झाला. तेच साहेब मागे आणि हा पुढे. साहेबांना कुठे पोचायची घाई असली आणि रेल्वेचं फाटक लागलं, की मारोतराव पुढे बघतच सांगायचा, "फाटक बंद हाये साहेब. बसा." आणि साहेब बसायचे. हे तो आम्हाला दर वेळी नव्याने सांगायचा आणि आम्ही दर वेळी नव्याने ऐकायचो. वर्षभरात डॉक्टरांनी त्याच्या गोळ्या निम्म्यावर आणल्या. गोळ्यांचा गुण, मिठाचा, की त्या जागेचा, मला विचारू नका. डॉक्टरांना विचारलं तर ते टाय सैल करायचे.

आम्हीही सुधारलो. दवाखान्यातलं स्टूल डॉक्टरांनी कंपाउंडरला देऊन टाकलं. शिपाई आला की डॉक्टर बाहेर जायचे आणि मी त्याच्याशी त्याच्या गावच्या रस्त्याबद्दल बोलत बोलत पट्टा बांधायची. डॉक्टर आता नाहीत. जिवंत असते तर हे सगळं मोठ्याने वाचून दाखवायला लावलं असतं. मला जे काही माणसाच्या अंगातलं कळलं त्यातलं निम्मं त्यांच्यामुळे कळलं, आणि उरलेलं निम्मं मारोतरावामुळे.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी हार झाला, नारळ झाला, भाषणं झाली. नव्या साहेबांनी सांगितलं, सिस्टरना घरी आपली गाडी सोडून येईल. बाहेर आले तर कडुनिंबाखाली मारोतराव उभा, केस पिकलेले, खाकी कपडे तसेच इस्त्रीचे. त्याने माझ्यासाठी मागचं दार उघडलं.

मी म्हटलं, "मी पुढंच बसते भाऊ, नेहमीसारखी."

"नाई बाई. पुढं बसून तुमी माह्यं फक्त मनगट पाह्यलं," तो म्हणाला. "आज मांगं बसा. इतके साहेब येऊन गेले, साऱ्याईनं माह्यी पाठ पाह्यली. तुमीच नाई पाह्यली."

मी मागे बसले. साहेबांच्या जागेवर उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. प्रताप नगरला आमचं घर, रस्ता काही फार नाही. त्याची पाठ मी बर्डीपर्यंत बघत होते. रुंद नव्हती, पण सैल होती, मान खांद्यांवर निवांत ठेवलेली. मला बाबांचा तो घामेजलेला सदरा आठवला आणि डोळे भरून आले.

व्हरायटी चौकात गाडी थांबली. आरशात मारोतरावाचे डोळे दिसले, मिस्कील.

"बाई, काठावर काहून बसून राहिल्या?" तो म्हणाला. "टेका नं."

मी टेकले.